माझ्या वजनाचा सार्वजनिक प्रश्न

माणसाचं वजन ही त्याची खाजगी मालमत्ता असते, असं मी वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत समजत होतो. गेल्या ओणमच्या आधी आमच्या सौहृद रहिवासी संघाने ठराव करून ते ताब्यात घेतलं. ठराव एकमताने मंजूर झाला. माझं मत विरोधी होतं, पण इतिवृत्तात त्याची नोंद 'अच्युतन माश खोकले' एवढीच आहे.

आमच्याकडे मास्तरांना माश म्हणतात. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे कालव्याच्या या काठावरचे सगळे मला माश म्हणतात, बायकोसुद्धा. वास्तविक ओमनाला मी कधी काही शिकवलेलं नाही. तिने शिकवू दिलेलं नाही.

तर त्याचं असं झालं. पंचायतीकडे वरून कुठूनतरी 'निरोगी वार्धक्य' नावाची योजना आली होती. आलेली योजना कुठेतरी लावावी लागते, म्हणून ती पंचायतीने ओणमच्या खेळांना लावली आणि पंचावन्नच्या पुढच्यांसाठी रस्सीखेच जाहीर केली. सातजणांचा संघ, सातांचं मिळून वजन पाचशे किलोंच्या आत, बक्षीस केळ्यांचा एक घड. केळी काय बाजारात मिळत नाहीत का, असं कुणी म्हणेल. मिळतात. पण बाजारातून आणलेला घड आणि रस्सी ओढून आणलेला घड यांत आमच्या भागात तेवढाच फरक मानतात, जेवढा निकालपत्र छापून घेण्यात आणि परीक्षा पास होण्यात आहे. शिवाय समोर उभा राहणार होता पलीकडच्या काठाचा मैत्री रहिवासी संघ. त्यांनी ते नाव आम्हाला चिडवायला घेतलंय, असं आमच्या संघाचं अधिकृत मत आहे.

जाहीर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे सचिव कुरियाकोस आले. ते निवृत्त फौजदार. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. ते माझ्याभोवती, जप्त केलेल्या ट्रकभोवती फिरावं तसे एक चक्कर फिरले.

"माश, जरा उठून उभे राहा."

मी राहिलो.

"आता वळा. हां. पोट सोडा, आत घेऊ नका. आत घेऊन काय फायदा?" मग त्यांनी समाधानाने शिट्टी वाजवली. "ठरलं. शेवटचा गडी तुम्ही."

रस्सीखेचीत शेवटचा गडी म्हणजे सगळ्यांत मागचा, ज्याच्या पाठीवरून रस्सी फिरवतात. पुढचे सहाजण ओढतात, हा रुततो. त्याला फार अक्कल लागत नाही, असं लोक म्हणतात. पण मान त्याचा. खरं सांगायचं तर मला भरून आलं. शाळा सुटल्यापासून माझी कुणाला कशासाठी गरज पडली नव्हती. मतदार यादीत नाव तपासायला एकदा घंटी वाजली होती, तीही शेजारच्यांची चुकून माझ्याकडे. आणि आज माझ्या ज्या पोटावर ओमना दोन वर्षं बोलत होती, त्याच पोटाने मला निवडून आणलं होतं.

मी आत जाऊन तिला सांगितलं.

"रस्सीखेच? तुम्ही ओढणार?" ती नारळ खवत होती. "की तुम्हाला जमिनीत रोवून त्याला रस्सी बांधणार?"

मोठी पदं मिळाली की माणसाने घरच्यांचं मनावर घेऊ नये.

त्या रविवारी खोबऱ्याच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर आम्ही सातजण एकेक करून चढलो. बेरीज मी केली. पाचशे बारा भरली. मी ती पुन्हा केली. बेरजेला माझी दया आली नाही.

"बारा किलो!" फौजदार म्हणाले. "कोण कमी करणार?"

सगळ्यांनी बीरान इक्कांकडे पाहिलं. इक्का म्हणजे मोठे भाऊ; यांची कोपऱ्यावर बेकरी आहे. ते शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. हे वजन माझं नाही. पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो, सगळं पीठ अंगावर बसतं."

"मग झटका की!"

"ओलं होऊन बसलंय."

शेवटी असं ठरलं की भार सगळ्यांनी उचलावा आणि न्याय्य वाटणी माशांनी करून द्यावी. मला अधिकार मिळाला की मी विरघळतो. मी वखारीच्या भिंतीवर खडूने प्रमाण मांडलं. ज्याचं वजन जास्त, त्याने जास्त उतरवायचं. यासारखं न्याय्य जगात काही नाही. मांडून झाल्यावर मी मागे सरून पाहिलं, तर सगळ्यांत मोठा आकडा माझ्या नावापुढे होता. सदतीस वर्षांत गणिताने माझ्याशी असा दगाफटका कधी केला नव्हता.

"माशांनी स्वतःला सोडलं नाही हं," इक्का भारावून म्हणाले. आणि ठराव झाला, ज्यात मी खोकलो.

त्या दिवसापासून मला रस्त्याने सरळ चालणं अशक्य झालं. आमच्या गल्लीत प्रत्येक फाटकाला एक माणूस आणि प्रत्येक माणसाला एक उपाय आहे. कारल्याचा रस. कुळथाचं पाणी. कच्च्या फणसाचं पीठ. रात्री फक्त पेज; पेजेतलं पाणी प्यायचं, शितं परत पातेल्यात. सगळ्यांत जास्त उपाय शंकरन नायरांकडे. हे निवृत्त तलाठी. त्यांची आरामखुर्ची फाटकासमोरच असते, तिच्यात ते आडवे असतात, छातीवर केळ्याच्या वेफर्सची बशी असते आणि तोंडाने ते गावाचं आरोग्य सांभाळत असतात. संघात त्यांना घेतलं नव्हतं, कारण रस्सी उभं राहून ओढायची असते.

"माश, चालता ते ठीक," ते वेफर कुडुम्‌ करून म्हणाले, "पण सरळ चालून पुढचीच चरबी जाते. मागची कोण घालवणार? उलटं चाला. पुस्तकात आहे."

"कुठल्या?"

"आमच्याकडे होतं. वाळवी लागली."

शास्त्राच्या बाबतीत मी हट्टी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालव्याच्या बांधावरून उलटा चालायला लागलो. खरंच, उलटं चालताना जग वेगळं दिसतं. ज्या गोष्टी आपण मागे टाकतो, त्या आपल्याकडे बघत हळूहळू लहान होत जातात. मी या विचारात गुंतलो होतो तेवढ्यात बांध संपला.

पाणी गळ्यापर्यंत होतं. वर बांधावर दूधवाल्या बायका, शाळेची मुलं आणि मैत्री संघाचे दोन पदाधिकारी उभे. आता अशा वेळी माणूस काय करतो? मी चार हात मारले. चेहरा असा ठेवला की रोज याच वेळी, याच ठिकाणी, कमरेला गुंडाळलेल्या मुंडूसकट आणि चपलांसकट मी पाण्यात उतरतो.

"काय माश, पोहणं सुरू केलंत?"

"वैद्यांनी सांगितलंय," मी म्हणालो.

झालं. संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांना कळलं की माश पोहतात. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही तर तिघांनी घरी येऊन चौकशी केली. "आज पाण्यात नाही? बरं नाही का?" अपघात कबूल करण्यापेक्षा रोज पोहणं सोपं होतं. मी रोज पोहलो. पावसात पोहलो. कालव्यातून म्हशी चालल्या असतील तर त्यांना वाट देऊन पोहलो.

आणि पोहून आल्यावर जी भूक लागते! तिला उत्तर नव्हतं. चहाच्या टपरीवर मी पिकल्या केळ्याची भजी मागितली, तर टपरीवाल्याने काचेचं झाकण लावून वर हात ठेवला. "फौजदारांनी सांगून ठेवलंय. माशांना चहा, बिनसाखरेचा." एका लग्नात केळीच्या पानावर जेवायला बसलो, तर पायसमचं, म्हणजे खिरीचं, भांडं घेऊन येणारा वाढपी माझ्या पानावरून असा पुढे गेला, जशी आमच्या थांब्यावरून जलद बस जाते. समोरच्या पंगतीत मैत्री संघाचे खजिनदार होते. ते उठून आले. "अरे, माशांना वाढा! एवढा मोठा माणूस!" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पळ्या वाढल्या. इतकी माया! मी पहिला घोट घेणार तोच मागून शिट्टी वाजली. फौजदार त्याच लग्नात होते. मुलीकडून.

भुकेने माझ्या अंगात काहीतरी शिरलं. एका जागी बसवेना. पेपर उघडला की मिटावासा वाटे. मिटला की, शेवटच्या पानावर पाककृती असते हे आठवे. मी कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, मग जाडीप्रमाणे, मग परत उंचीप्रमाणे. ओसरीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून पुन्हा ओसरीपर्यंत.

"माश, एका जागी बसा बघू," ओमना म्हणायची. "बघून बघून माझंच वजन कमी व्हायचं."

"होतंय का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी एक फेरी मारून आलो.

पण उतरलं. मुंडूला आधी एक गाठ लागायची, आता दोन वेढे जास्त बसायला लागले. जुनी चप्पल सैल झाली. पायांचंही वजन असतं हे मला तेव्हा कळलं. ओणमच्या आधीच्या रविवारी वखारीत पुन्हा काटा लागला. एकेक गडी चढला. फौजदार होते तसेच. बाकीचे होते तसेच. बीरान इक्का थोडे वाढले होते. शेवटी मी चढलो. काट्यावर खोबरं तोलणारा माणूस खाली वाकून बघायला लागला, मी नीट उभा आहे ना म्हणून.

बेरीज चारशे एक्क्याण्णव.

सगळ्या गल्लीचं वजन मी एकट्याने उतरवलं होतं. टाळ्या झाल्या. इक्कांनी मला मिठी मारली. पीठ ओलं होतं. मला वाटलं, आता मला खांद्यावर घेतील. नाहीतरी आता शक्य होतं.

तेवढ्यात फौजदार म्हणाले, "म्हणजे नऊ किलो शिल्लक राहिले."

"राहिले," मी अभिमानाने म्हणालो.

"वाया घालवायचे?"

फौजदार माझ्याभोवती पुन्हा एक चक्कर फिरले. या खेपेला चक्कर लवकर संपली.

"माश, रागावू नका. पण शेवटचा गडी असा... म्हणजे वाऱ्याने हलेल असा नको. तुमच्या जागी एखादा भक्कम माणूस घेतला, तर पाचशेला बरोबर जाऊन टेकतो आपण."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की ही शिल्लक मीच निर्माण केली आहे. निर्मात्यालाच काढून टाकायचं हे कुठलं गणित? पण गणित बरोबर होतं. तेच तर दुःख होतं. 'अच्युतन माश यांच्या त्यागाची संघ कृतज्ञतापूर्वक नोंद घेत आहे' असा ठराव झाला, आणि शेवटचा गडी म्हणून शंकरन नायरांचं नाव लागलं. त्यांना कळवायला आम्ही गेलो तेव्हा ते खुर्चीत आडवेच होते. त्यांनी पडल्या पडल्या माझा हात हातात घेतला.

"माश, तुमच्यामुळे मला जागा झाली हो," ते गहिवरून म्हणाले. आणि बशी पुढे केली. "घ्या. आता तुम्हाला चालेल."

मी वेफर घेतला नाही. घरी येऊन मात्र स्वयंपाकघरात शिरलो आणि डबे उघडायला लागलो. अजून आठवडा होता. मनात आणलं तर माणूस आठवड्यात काय करू शकत नाही?

ओमनाने डबा माझ्या हातातून काढून घेतला. "दोन वर्षं मी सांगत होते, वजन उतरवा. ऐकलंत? फौजदाराने शिट्टी मारली, तर उतरवलंत. आता त्याच फौजदारासाठी परत चढवणार? चढवा. माझ्या स्वयंपाकघरातून नाही."

"माझी जागा गेली, ओमना."

एवढंच म्हणालो. पण ते म्हणताना आवाज जरा वेगळा आला असावा. ती डब्याला झाकण लावता लावता थांबली. मग तिने एक उकडलेलं केळं माझ्यापुढे ठेवलं आणि विहिरीकडे गेली.

पुढचे तीन दिवस मी अर्ज करण्यात घालवले. एक पंचायतीला, एक संघाला, एक संघाने पंचायतीकडे पाठवावा असा. पंचायतीतून उलट पत्र आलं, पण ते माझ्या अर्जाचं उत्तर नव्हतं. 'निरोगी वार्धक्य' योजनेखाली खेळणारा प्रत्येक गडी निरोगी असल्याचा दाखला सरकारी आरोग्य केंद्रातून आणावा, असं त्यात होतं. हा नियम आधीपासूनच होता. पत्र पाठवायचं राहून गेलं होतं.

सगळा संघ आरोग्य केंद्रात गेला. मीही गेलो. छत्र्या धरायला कुणीतरी हवं होतं.

डॉक्टर जसीला तरुण आहेत आणि त्यांना गल्लीतल्या मानापमानाची माहिती नाही. पहिले फौजदार बसले. पट्टा दंडाला गुंडाळला, फुगवला.

"रक्तदाब बराच आहे, अंकल."

"यंत्र बिघडलंय," फौजदार म्हणाले. "मी तीस वर्षं खात्यात काढली. असे आकडे गुन्हेगारांचे असतात."

"ओरडू नका, वाढतोय बघा."

"कुठे ओरडतोय?" असं ते जे ओरडले, त्याने बाहेरच्या रांगेतली दोन मुलं सुई न टोचताच रडायला लागली.

मग बीरान इक्का. "रोज काय खाता?"

"बेकरीत जे उरतं ते."

"किती उरतं?"

"ते मी किती खातो त्यावर आहे."

इक्कांना तिथल्या तिथे साखर तपासायला पाठवलं. एकामागून एक गडी आत जात होता आणि औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर येत होता. शंकरन नायरांच्या दंडाला पट्टा पुरेना, दुसरा आणला. डॉक्टरांनी आकडा पाहिला, यंत्रावर टिचकी मारली, दुसरं यंत्र मागवलं, आणि मग अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, "अंकल, तुम्ही आडवे व्हा. इथून हलू नका." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नायरांना आडवं व्हायची आज्ञा केली आणि त्यांना ते आवडलं नाही.

छत्र्या घेऊन उभा राहून मला कंटाळा आला होता, म्हणून मी रिकाम्या स्टुलावर टेकलो. डॉक्टरांनी सवयीने माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला. मग छाती तपासली. मग वजन, मग परत छाती.

"वा! हे कोण? यांना हवं तर पळवा."

त्यांनी दाखल्यावर सही करून तो माझ्या हातात दिला. सौहृद संघात निरोगी ठरलेला मी एकटा. मी छत्र्या फौजदारांच्या हातात दिल्या. एवढा सुंदर क्षण माझ्या आयुष्यात दुसरा नाही. त्यात अडचण एकच होती. रस्सीखेच एकट्याने खेळता येत नाही. मी तसं फौजदारांना सुचवून पाहिलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी तातडीची सभा भरली. माघार घ्यायची तर ती मैदानावर कर्ण्यातून पुकारली जाणार, आणि पलीकडच्या काठाचे लोक घड उचलताना आमच्याकडे बघून हात हलवणार. सगळे मान खाली घालून बसले होते. बिछान्यावर पडायला सांगितलेले शंकरन नायर खुर्चीसकट आले होते, आणि पंचायतीचं पत्रक वाचत होते. जन्मभर तलाठी, पत्रक दिसलं की वाचतात.

"इथे लिहिलंय, पंचावन्नच्या पुढचे सात रहिवासी," ते म्हणाले. "पुरुषच हवेत असं कुठे म्हटलंय? उभ्या करा की बायका!"

सगळे हसले. नायर सगळ्यांत जास्त हसले. डॉक्टरांनी त्यांना हसायला मनाई केली होती.

फौजदारांच्या पत्नी एलियाम्मा चेची, म्हणजे एलियाम्माताई, चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला. जरा जोरातच.

"चालेल," त्या म्हणाल्या.

"काय चालेल?"

"आम्ही उभ्या राहतो. चहा घ्या, निवतोय. बिनसाखरेचा आहे, डॉक्टरांचा फोन आला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा बायका आरोग्य केंद्रातून सहा दाखले घेऊन आल्या. एलियाम्मा, बीरान इक्कांच्या पत्नी बीवात्तू, आमची ओमना आणि आणखी तिघी. रोज वाचनालयाच्या अंगणात टाळ्यांच्या नाचाचा सराव करून यांची छाती भात्यासारखी झाली होती, आणि आम्हाला वाटत होतं त्या तिथे आमच्याविषयी बोलायला जातात. तेही करत होत्याच.

सहा झाल्या. सातवं कोण?

गल्लीत दाखलेवाला दुसरा माणूस नव्हता. तरीही याचा निकाल आमच्या स्वयंपाकघरात, दार लोटून, सहाजणींच्या बैठकीत लागत होता. मी दाराबाहेर फेऱ्या मारत होतो. कान दाराशी लावणं माझ्या स्वभावात नाही; फेऱ्याच तशा पडत होत्या.

"घ्यायचं का यांना?" हा एलियाम्मांचा आवाज.

"पायात पाय तर नाही ना अडकवणार?" बीवात्तू म्हणाल्या. "कालव्यात पडले होते म्हणे."

"पडले नव्हते, पोहत होते," ओमना म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला. मग ती पुढे म्हणाली, "चपला घालून."

हशा ओसरायला वेळ लागला. मी फाटकापर्यंत जाऊन आलो, तरी चालूच. शेवटी ओमनाचाच आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "घेऊ या गं. दोन महिने नुसते उपाशी फिरलेत. त्यांच्या फार मनात आहे."

दार उघडलं. मी ओसरीवर पेपर वाचत बसलेलो होतो. उलटा होता, पण मी वाचत होतो.

"घेतलं तुम्हाला," एलियाम्मा म्हणाल्या. "सगळ्यांत पुढे उभं राहायचं."

"पण मी मूळचा शेवटचा गडी—"

"मागे राहिलात तर तुम्ही काय करताय ते आम्हाला दिसणार नाही. मागे ओमना."

खेळाच्या दिवशी सकाळी वजनाचा प्रश्न आला. पंचायतीचे सचिव एकेकीला काट्यावर चढवून आकडा कर्ण्यातून पुकारणार होते. तशी पद्धतच आहे. सहाजणी काट्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"पुकारायचं नाही," बीवात्तू म्हणाल्या.

"नियम आहे, ताता," सचिव म्हणाले. मुसलमान घरांतल्या ताईला आमच्याकडे ताता म्हणतात.

"आधी तुमच्या आईचं पुकारा. मग आम्ही चढतो."

सचिवांची आई मांडवातच बसली होती. तिने मुलाकडे नुसतं पाहिलं. दहा मिनिटांनी तोड निघाली. मैदानाच्या बाजूला रस्त्यावर लॉऱ्या तोलायचा मोठा काटा आहे. त्यावर सातही जणांनी एकदम उभं राहायचं. बेरीज तेवढी कळेल, कुणाचं किती ते परमेश्वराला ठाऊक. आम्ही लोखंडी फळीवर चढलो. आजूबाजूला विटांच्या दोन लॉऱ्या थांबून भोंगे वाजवत होत्या. काट्यावरच्या माणसाने सवयीने माझ्याकडे बोट केलं आणि ओरडला, "ड्रायव्हर खाली उतरा!"

मी उतरलो नाही. इतक्या हालअपेष्टांनंतर मिळालेली जागा मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नव्हतो. चारशे नव्वद भरले. पावतीवर 'माल' या शब्दापुढे त्याने 'इतर' असं लिहिलं.

मैत्री संघाचे सात पुरुष बरोबर पाचशेचे होते. माझ्यासमोर त्यांचा पहिला गडी, लग्नात मला पायसम वाढणारे खजिनदार. ते माझ्याकडे बघून प्रेमाने हसले आणि मागे वळून म्हणाले, "हळू ओढा रे, बायामाणसं आहेत." मग परत माझ्याकडे पाहिलं. "सगळी."

शिट्टी झाली. मी ओढलं. खरंच ओढलं, हे मी वारंवार सांगतो, कारण त्याला साक्षीदार नाहीत. रस्सी ताठ झाली, तळहात पेटले, टाचा मातीत गेल्या. मागून ओमनाचा आवाज आला, "एक!" आणि सहाजणी एकदम मागे झुकल्या. आमच्या भागात पावसाळ्यात वीज रोज जाते आणि पंप रोज बंद पडतो. त्या सहाजणींच्या हाताला, विहिरीची दोरी कशी आणि कितीदा ओढायची हे काही कुरियाकोसांच्या शिट्टीने शिकवावं लागत नव्हतं. "दोन!" खजिनदारांचं हसू गेलं. "तीन!" माझा उजवा पाय गेला.

मी पाठीवर पडलो. रस्सी सोडली नाही. सोडली असती तर दोन महिन्यांच्या कारल्याला काय तोंड दाखवलं असतं? सोडली नाही, म्हणून मी रस्सीबरोबर निघालो. वर आभाळ सरकत होतं. पंच माझ्याबरोबर पळत होते आणि माझ्यावर बोट रोखून ओरडत होते, "उठा! उठा, माश, नाहीतर बाद!" मला उठायचं होतं. पण ज्या वेगाने मी चाललो होतो, त्या वेगात उठणं शहाणपणाचं नव्हतं. ते तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत माझं डोकं, माझे खांदे, माझी सैल चप्पल आणि तिच्यामागून मैत्री संघाचे खजिनदार असे सगळे रेघेच्या या बाजूला आले होते.

शंकरन नायर खुर्चीतून उठून उभे राहिले होते, असं नंतर कळलं. दोन माणसांनी त्यांना परत बसवलं.

कर्ण्यातून पुकारलं, "सौहृद संघ विजयी! ओमना चेची आणि मंडळी!" मंडळींत मी आहे. मातीने माखलेला, पण मंडळींत.

संध्याकाळी ओमना ओसरीवर बसून घडातली केळी सोलत होती. घड सात घरांत वाटला गेला, आमच्या वाट्याला दोन फण्या. माझी पाठ सोलवटली होती. तिने तिला खोबरेल तेल लावून दिलं होतं, त्यामुळे टेकून बसता येत नव्हतं. मी इकडून तिकडे येरझारा घालत होतो. विचारायचं की नाही, विचारायचं की नाही. शेवटी विचारलं.

"पुढच्या वर्षी... म्हणजे संघ तुम्हीच निवडणार ना?"

"एलियाम्मा आणि मी."

"माझं काय?"

तिने सोललेलं केळं पाण्यात टाकलं, दुसरं घेतलं, त्याचं देठ मोडलं, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं.

"बघू," ती म्हणाली. "पण वजन वाढवू नका. आज ओढायला बरे पडलात."